अकरावं अक्षर

नाही, नाही, माईक राहू दे माझ्याकडे! 'ताईंच्या यजमानांनी दोन शब्द बोलावेत' असं तुम्हीच म्हणालात ना, सुपरवायझरसाहेब? मग आता बोलणार! आणि दोन शब्दांत आवरणार नाही, चांगला सतरा अक्षरांवर बोलणार आहे, तेव्हा चहाचे कप खाली ठेवा, खुर्च्या सरकवायचं थांबवा आणि आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. बाहेर ती राखाडी गाडी उभी आहे, माझी, डाव्या दाराची काच आत पडलेली... ती गाडी कुठं बनली हे इथं बसलेल्यांपैकी कुणाकुणाला माहीत होतं? हात वर करा. लाजू नका, करा...

अरे देवा.

अहो, हा तर अख्खा हॉलच! रंगखात्यातले पण? कॅन्टीनच्या मावशी, तुम्हीसुद्धा? तुमचा आणि गाड्यांचा काय संबंध? घ्या, घ्या, हात खाली घ्या, मला बघवत नाही... दीडशे माणसं! अकरा वर्षं! आणि मला कुणी सांगितलं नाही!

नवीन लागलेल्यांसाठी सांगतो, म्हणजे त्यांना वाटायला नको की हा कोण म्हातारा निरोप समारंभात येऊन भांडतोय. ही जी पहिल्या रांगेत बसलीये, मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन, आणि मी माईक घेतल्यापासून माझ्याकडे सोडून छताच्या पंख्याकडे बघतेय, ती माझी बायको. तुमची ताई. एकतीस वर्षं या कारखान्यात हिनं गाड्यांना दारं बसवली. टोकन नंबर चारशे सतरा. आणि मी कोण? मी वीज कंपनीतला मीटर रीडर. छत्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून, कोळिष्टकं बाजूला सारून आकडे वाचले. कुत्री अंगावर आली, एकदा तर एका आजीबाईंनी चोर समजून लाटणं फेकलं, पण आकडा? एकदाही चुकला नाही! अख्ख्या गावाचे आकडे मी वाचले आणि माझ्या स्वतःच्या गाडीवर, माझ्या नाकासमोर, सतरा अक्षरं होती, ती वाचली नाहीत. कशी वाचणार? सांगतो ना, सगळं सांगतो, आज मला घाई नाही.

अकरा वर्षांपूर्वी ती गाडी माझ्या दारात कुणी आणली? हिच्या भावानं. माझा सख्खा मेव्हणा. तो बघा, तिसऱ्या रांगेत बिस्किटाच्या आड तोंड लपवतोय. लपव, लपव! दारात गाडी उभी केली आणि मला म्हणतो, "भावोजी, ही इथली नाही हां! थेट तिकडून आलीये, बोटीतून! कुणा मोठ्या साहेबाची होती, तीनच वर्षं वापरलीये. आत बसून वास तरी घ्या!" आणि मी आत बसून वास घेतला! तुम्हाला सांगतो, मला त्या वासात समुद्र आला हो! वर पुढच्या काचेला एक स्टिकर, कुठल्या तरी परक्या लिपीत, सगळ्या काड्या-काड्या. मी विचारलं, हे काय लिहिलंय? तर हा म्हणतो, "त्यांच्या कारखान्याचं बोधवाक्य असणार, भावोजी. काढू नका, शोभा आहे." नाही काढलं! आणि कागदपत्रं, विमा, सगळं यानंच बघितलं, मी नुसत्या सह्या केल्या. अकरा वर्षं गाडी धुताना त्या स्टिकरच्या कडेकडेनं फडकं फिरवलंय मी, कोपरा उचकटायला नको म्हणून.

आणि दार! काय सांगू त्या दाराचं! लावलं की आवाज यायचा... ठप्प! बस. एकच. घरी कुणी पाहुणा आला की पाणी नंतर, आधी त्याला खाली न्यायचं. डोळे मिटा म्हणायचं. ऐका... ठप्प! म्हटलं, ही तिकडची ठप्प आहे. इथल्या गाडीचं दार लावून बघा, खडाम्! जसं काही पिंप गडगडलं. हे मी कुणासमोर म्हणायचो? हिच्यासमोर! जी सकाळी सात ते तीन दारंच बसवून आलेली असायची, तिच्यासमोर! एकदा तर मी हिला हाताला धरून गाडीपाशी नेलं, म्हटलं, बघ, ही दाराची फट बघ, वरपासून खालपर्यंत सारखी, केस जाईल तर शपथ. म्हटलं, उद्या तुमच्या लाईनवर सगळ्यांना सांग, दार असं बसवतात! तर ही वाकली, फटीवरून बोट फिरवलं, वर, खाली, बिजागरीपाशी जरा थांबली... आणि म्हणाली, "हो. छान बसवलंय."

हसली पण नाही हो! माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसायला नको? मी मीटर बघून सांगायचो, या घरात चोरून वीज घेतायत, आणि माझ्या स्वतःच्या घरात... छे! मला कुणी सांगितलं नाही!

आणि हिला न्यायला यायचो तेव्हा? सांगा ना तुम्हीच, गाडी कुठं लावायचो? गेटासमोर? छे! रस्त्याच्या पार पलीकडे, त्या पाण्याच्या टाकीखाली. का, तर कारखान्याची धूळ बसेल. तिकडच्या गाडीवर इथली धूळ! तुम्ही सगळे सुट्टी झाली की गेटातून बाहेर पडताना लांबून हात करायचात, "भावोजी, बरी आहे ना गाडी?" मला वाटायचं काय आपुलकी, काय माया! आणि तुम्ही हात करायचात ते गाडीला, नाही का? आपल्या हातची पोर दिसली म्हणून! मला मध्ये नुसता खांबासारखा उभा केलेला!

हसा. हसायचा दिवस आहे तुमचा.

पण पुढचं ऐकून हसाल असं वाटत नाही. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आई डाव्या बाजूला बसली होती, मी औषधं घ्यायला दुकानात गेलो होतो, आणि एक ट्रक रिव्हर्स घेत आला तो थेट डाव्या दारावर. मी दुकानातून धावत बाहेर, मनात येऊ नये ते सगळं येऊन गेलं... तर आई आत बसलीये, मांडीवर पिशवी, आणि मला म्हणते, "सुट्टे पैसे मिळाले का?" अंगावर ओरखडा नाही! दाराला एवढासा पोचा, तळहाताएवढा, बास. त्या रात्री जेवताना मी ताटावर हात आपटून सगळ्यांना सांगितलं, म्हटलं, याला म्हणतात तिकडचं काम! इथलं दार असतं ना, तर आज आई आपल्यात नसती! हेच शब्द. आणि ही वाढत होती. हिनं माझ्या ताटात भात वाढला, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं, सासूच्या काळजीनं डोळे भरून आले असतील. मी आणखी भात मागितला.

आता या सगळ्यानंतर आजची सकाळ सांगतो. आज सकाळी मी गाडी पुसली, डावी काच जरा खाली केली आणि ती गेली ती गेलीच! धप्पकन दाराच्या पोटात! वर येईना. मी तिथंच डोक्याला हात लावून उभा, आणि नेमकी तेव्हा ही डबा भरत भरत बाहेर आली, म्हणाली, "अहो, पाच वाजता आहे हां. घरच्यांनी यायचं असतं. गाडीच घेऊन या, कपाट रिकामं करायचंय, एकतीस वर्षांचं सामान निघेल." आणि मी काय म्हणालो असेन? सांगू? सांगतो, कारण हिनं तुम्हाला सांगितलं नसणार, हिला सांगायची सवयच नाही. मी म्हणालो, "इथं माझी काच पडलीये आणि तुला समारंभ सुचतोय? दारंच लावलीस ना एकतीस वर्षं? त्यात समारंभ कसला करायचा? मी नाही येत. आणि माझी गाडी त्या आवारात तर मुळीच येणार नाही."

हो. असं म्हणालो. असे बघू नका माझ्याकडे, मीही दिवसभर आरशात बघायचं टाळलंय. ही म्हणाली, "बरं. मी बसनं येईन." डबा घेतला, चप्पल घातली, गेली. आणि चार वर्षांपूर्वी मी रिटायर झालो तेव्हा हीच बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून पहिल्या रांगेत बसली होती! मला एक घड्याळ मिळालं, अजून रोज दहा मिनिटं मागे पडतं, त्या घड्याळासाठी हिनं इतक्या टाळ्या वाजवल्या की शेजारचे वळून बघत होते.

तर मी गेलो पार्टच्या दुकानात. काच वर-खाली करणारी मशीन हवी म्हटलं. दुकानदार कपाळावर चष्मा चढवून म्हणतो, "काका, चेसिस नंबर?" मी म्हटलं, अहो, गाडी तिकडची आहे, पार्ट मागवावा लागेल, महिना लागला तरी थांबायची तयारी आहे माझी. "हो काका, सगळे असंच म्हणतात. नंबर काय? पुढच्या काचेखाली कोपऱ्यात असतो बघा." म्हटलं, माझ्या गाडीत नाही. कारण तिथं कापड आहे. डॅशबोर्डवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मखमली, निळं, कडेला शिवण. अकरा वर्षांत कधी उचललं नाही. गेलो, उचललं. खाली प्लास्टिकला चांगला वीतभर तडा गेलेला, आणि त्या तड्याच्या शेजारी एक छोटी पट्टी, तिच्यावर अक्षरं आणि आकडे. मोजले. सतरा! आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला... ते कापड शिवलं कुणी? हिनं! गाडी आली त्याच आठवड्यात, मशीनवर बसून, मापं घेऊन! म्हणजे नंबर झाकायला! म्हणजे कट! हे लक्षात ठेवा, या कापडावर मी परत येणार आहे.

सवयीप्रमाणे नंबर कागदावर उतरवून दुकानदाराला दिला. तो माणूस काय करतो, एकेका अक्षरावर पेन ठेवून वाचायला लागतो, जणू माझी पत्रिकाच वाचतोय. "काका, हा गाडीचा जन्मदाखला. पहिलं अक्षर देश. डब्ल्यू असतं तर जर्मनी. जे असतं तर जपान. झेड असतं तर इटली." मी डोळे मिटून उभा, म्हटलं, कुठलंही चालेल, तिन्ही चालतील. "तुमचं... आपलंच आहे की!" आपलंच म्हणजे? "आपलं म्हणजे आपलं, काका. तुम्ही आणि मी उभे आहोत ते."

मी म्हटलं, असं कसं, चुकून छापलं असेल. "नाही चुकत, काका. हे नववं घर बघा, हा पहारेकरी. या कंपनीत बाकीच्या सोळांचं गणित करून हे काढतात. सोळांतलं एक जरी इकडचं तिकडं झालं तर हा जुळत नाही, लगेच बोंब मारतो." म्हटलं, करून दाखवा गणित. त्यानं केलं. मी परत केलं. तिसऱ्यांदा केलं. जुळलं! आय, ओ आणि क्यू ही अक्षरं तर या नंबरात घेतच नाहीत म्हणे, कुणी एक किंवा शून्य समजून फसायला नको म्हणून. बघा, काय काळजी! परका माणूस फसू नये म्हणून तीन अक्षरं कायमची घरी बसवली, सोळांवर एक पहारेकरी ठेवला... आणि माझ्या घरात? बायको गप्प, मेव्हणा गप्प, रस्त्यापलीकडे हात करणारे दीडशेजण गप्प... एक, एक सुद्धा नववा निघाला नाही! मला कुणी सांगितलं नाही!

मी म्हटलं, बरं, देश आपला तर आपला, पण कारखाना तरी कुठला? लांबचा असेल कुठला तरी. त्यानं पेन पुढं सरकवलं. "दहावं अक्षर साल... आणि हे अकरावं, हे कारखान्याचं." अकरावं! अकरा वर्षं मी ज्या गाडीची आरती ओवाळायची तेवढी बाकी ठेवली, तिचं अकरावं अक्षर! तो म्हणतो, "या कंपनीचे देशात तीन कारखाने. तुमचं अक्षर म्हणजे... अरे वा काका, हे तर जवळच! पुलापलीकडचा! त्या पाण्याच्या टाकीसमोरचा!"

म्हणजे हा! हा इथला! मी ज्या टाकीखाली गाडी उभी करायचो ना, धुळीपासून वाचवायला, तिथून तिच्या जन्माची खोली दिसत होती! मशीन कपाटातच होती त्याच्याकडे, दोन मिनिटांत हातात दिली. महिनाभर थांबायची तयारी करून गेलेला माणूस मी, दोन मिनिटांत मोकळा.

तरी माझी आशा सुटली नव्हती. शेजारीच मिस्त्री आहे, त्याच्याकडे गाडी नेली. म्हटलं, कारखान्यात सतराशे माणसं आहेत, दार कुणी का बसवलं असेना. मिस्त्रीनं दाराच्या आतलं पॅनेल काढलं, म्हणाला, "साहेब, हे बघा, आत खडूनं काहीतरी लिहिलंय." वाकलो. जिन्याखाली वाकायचो तसाच वाकलो. आत, उघड्या पत्र्यावर, पिवळ्या मेणखडूनं एक बरोबरची खूण. आणि खाली आकडा. चारशे सतरा.

तुम्हाला ठाऊकच आहे सगळ्यांना, दार नीट बसलं, हातानं तपासलं, की पॅनेल चढवायच्या आधी आपला टोकन नंबर आत लिहायचा, तुमच्या लाईनची पद्धत. बाहेरून कुणाला दिसत नाही. पण मला तो आकडा कुठं कुठं दिसलाय सांगू? हिच्या डब्यावर. हिच्या कपाटाच्या किल्लीवर. निळ्या गणवेशाच्या खिशावर, जो मी रिटायर झाल्यापासून रोज दोरीवर वाळत घालतो. आणि तो चार! त्या चारची शेपटी ही अशी खाली ओढते, किराणाच्या यादीतही तशीच ओढते. छत्तीस वर्षं आकडे वाचले हो मी. हात ओळखतो मी. त्या आकड्याच्या बरोब्बर पलीकडे, बाहेरच्या बाजूला, ट्रकनं पाडलेला पोचा होता.

मिस्त्री म्हणतो, "साहेब, पाणी देऊ का?"

घरी आलो. आई खिडकीत बसलेली. म्हटलं, आई, ऐकलंस का, आपली गाडी तिकडची नाही, इथली आहे, आणि दारं तुझ्या सुनेनं बसवलीयेत! आई म्हणते, "हो ना. सांगितलं होतं तिनं. झाली की दहा-अकरा वर्षं." आई! माझी सख्खी आई! म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "तू एवढा खूश होतास, म्हटलं राहू दे. लहानपणी तुझा चेंडू मी विकतचा म्हणून दिला होता, तो पण घरी चिंध्यांचाच होता." ते वेगळंच उघडं पडलं! साठी ओलांडल्यावर मला चेंडूचं कळतंय!

मग या मेव्हण्याला फोन लावला. म्हटलं, खरं बोल, ती काड्या-काड्यांची लिपी कसली? "भावोजी... ते आमच्या मिक्सरच्या खोक्यावरचं होतं." मिक्सर! अकरा वर्षं मी मिक्सरच्या बोधवाक्याला जपलं! म्हटलं, का केलंस असं? आणि मग हा जे म्हणाला ना... उभा राहा रे, सांग सगळ्यांना... नको, बस, मीच सांगतो, तुझ्या तोंडात बिस्किट आहे. म्हणाला, "भावोजी, ताईनंच सांगितलं होतं. कारखान्यातल्या साहेबांची गाडी होती, ताईला माहीत होतं तिची दारं आपण बसवलीयेत. मला म्हणाली, काय वाटेल ते सांग त्यांना, पण हीच गाडी घ्यायला लाव. आई बसणार आहेत त्यात, मुलं बसणार आहेत. दुसऱ्या कुणाच्या दाराचं मला सांगता येत नाही, हे दार मला माहीत आहे."

मी म्हटलं, मग तिनं मलाच का नाही सांगितलं सरळ? आणि विचारता विचारता मलाच आठवलं... तिनं सांगितलं होतं. मेव्हणा यायच्या पंधरा दिवस आधी. जेवताना. "अहो, आमच्या साहेबांची गाडी विकायची आहे, आमच्याच लाईनवरची आहे, चांगली आहे, घ्यायची का?" आणि मी म्हणालो होतो, तुमच्या कारखान्यातली? त्यापेक्षा मी सायकलवर फिरेन.

म्हणजे मी जे मघापासून ओरडतोय ना, मला कुणी सांगितलं नाही, मला कुणी सांगितलं नाही... तर एकीनं सांगितलं होतं. सगळ्यांत आधी. सरळ.

तेव्हा मी मिस्त्रीला फोन केला, काच राहू दे, पॅनेलही बसवू नकोस, दार तसंच उघडं दे, मी आलो. आणि आणली गाडी इथं. रस्त्यापलीकडे नाही लावली, गेटातून आत आणली! तुमच्या वॉचमनदादांनी थांबवलं, नोंदवहीत लिहायला वाकले, उघड्या दारातला आकडा दिसला, तर वही मिटली, टपावर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, "माहेरी आली वाटतं!" अहो, मला रडूच फुटलं की तिथं. अकरा वर्षं मी माहेरच्या दारासमोर उभी करायचो तिला, रस्त्यापलीकडे, आणि आत येऊ द्यायचो नाही.

आता तुमच्याशी माझं भांडण संपलं. आता हिच्याशी. अगं, पंख्याकडे नको बघू, इकडे बघ. सकाळी मी जे बोललो ते चुकलं. आणि सकाळचंच नाही, अकरा वर्षांचं चुकलं. त्या रात्री तू आत जाऊन रडत होतीस आणि मी भात मागत होतो, ते तर फारच चुकलं. माझी आई आज खिडकीत बसून चेंडूच्या गोष्टी सांगतेय ती तुझ्या दारामुळं, तिकडच्या कुणामुळं नाही. हे मला दीडशे लोकांसमोर म्हणायचं होतं, कारण त्या गाडीची फुशारकीही मी लोकांसमोरच मारलीये. झालं. म्हटलं.

पण मला एका गोष्टीचं फार लागलंय, तेही बोलतो. तू मला दोन दिवसांनी सांगू शकली असतीस. वर्षानं सांगू शकली असतीस. सांगायचं सोडून मशीनवर बसून तू कापड शिवलंस! मखमली! माझ्या डोळ्यांसमोरचा नंबर माझ्यापासून झाकायला! नवऱ्याला आंधळा ठेवायला! ही फसवणूक आहे, आणि मी ते कापड आज काढून टाकलंय, मागच्या सीटवर फेकलंय, आता ती सतरा अक्षरं उन्हात चमकू देत, अख्ख्या गावाला वाचू देत! आणि सुपरवायझरसाहेब म्हणतायत ही आज बसनं घरी जाणार. अगं, नको ना जाऊ बसनं. गाडी आत आणलीये. काच नाहीये, वारा लागेल जरा, पण चल माझ्याबरोबर.

काय? काय म्हणतेस? जरा मोठ्यानं... थांबा, थांबा, बोलतेय ती, शांत बसा! मी माईकवरून सांगतो तुम्हाला. म्हणतेय, "येते गाडीतून." येतेय! टाळ्या नंतर, टाळ्या नंतर, आणखी काहीतरी म्हणतेय. "पण आधी जाऊन ते कापड परत घाला." का? का घालू? "नंबर झाकायला नव्हतं शिवलं ते." मग कशाला शिवलं होतं? "ऊन लागलं की डॅशबोर्ड तडकतो. त्या सालच्या सगळ्या गाड्यांचा तडकायचा. बाकी गाडी आम्ही इथं बनवायचो..."

पुढं? पुढं बोल ना.

"...डॅशबोर्ड तेवढा तिकडून यायचा. बोटीतून."

घ्या! म्हणजे अख्ख्या गाडीत एकच गोष्ट तिकडची होती, तीच तडकली, आणि अकरा वर्षं ती झाकलेली होती, आणि हेही... हसा, हसा... हेही मला कुणी सांगितलं नाही!